तांडेलबाईंची रिकामी पेशी

तांडेलबाईंनी मला नोकरीवर घेतलं ते मी थापा मारतो म्हणून. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की बाई माझ्या निरीक्षणशक्तीवर खूश झाल्या. म्हणजे त्यांची निवड चुकली नव्हती.

त्याआधी चौदा वर्षं मी मुलुंड ते घाटकोपर झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करत हिंडलो. मग लोक कागदाचा झेरॉक्स काढायचं सोडून मोबाइलवर फोटो काढायला लागले आणि कंपनीनं मला लांबून नमस्कार केला. वय बेचाळीस. पदवी बी.एस्सी., तीही अशी की तिची आठवण विद्यापीठालाही नको होती आणि मलाही. गोरेगावच्या टेकडीवर एका संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शक सांभाळायला तंत्रज्ञ हवा होता. काच, आरसा, दिवा, बोटांनी घाण झालेली भिंगं. माझ्या दृष्टीनं ते झेरॉक्स मशिनचंच शिकून मोठं झालेलं भावंड होतं. मी अर्ज टाकला.

मुलाखतीला बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. एका अंधाऱ्या खोलीत नेलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास बघ. मग काय दिसलं ते सांग."

मला काहीही दिसत नव्हतं. करडा उजेड, मधूनच माझ्याच पापण्यांची सावली. पण मला नोकरी हवी होती. अर्ध्या तासानं मी सांगायला सुरुवात केली. गोल पेशी आहेत, थोड्या लांबट आहेत, एक जरा मोठी डावीकडून सरकत आली, तिची दुसरीशी टक्कर झाली.

"टक्कर झाल्यावर?" बाईंनी विचारलं.

"दोघी मागे सरकल्या."

"सॉरी म्हणाल्या का?"

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"काचेवर नळाचं पाणी आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्याआधी सात जण येऊन गेले. तेही खोटंच बोलले, पण दोन वाक्यांत. तू तपशीलवार बोलतोस. न दिसलेलं ज्याला इतकं दिसतं, त्याला दिसलेलं लिहायला लावलं तर बरं लिहील. सोमवारी ये."

डॉ. कुसुम तांडेल दिसायला पेशीशास्त्रज्ञ वाटायच्या नाहीत. म्हणजे पेशीशास्त्रज्ञ कसे दिसतात हे मला माहीत होतं अशातला भाग नाही. बुटक्या, सावळ्या, सुती साडीवर पांढरा कोट, कानात जड सोन्याच्या कुड्या, पायात रबरी सपाता. मनोरीच्या कोळीवाड्यात जन्मल्या आणि परदेशातली काही वर्षं सोडली तर रोज तिथूनच आल्या. सकाळच्या फेरीबोटीनं मार्वे, तिथून बस, मग रिक्षा. पवईला, कुलाब्याला मोठ्या जागा चालून आल्या होत्या म्हणे. बाई म्हणायच्या, "बोटीत बसलं की बारा मिनिटं कुणी मला काही विचारू शकत नाही. ती बारा मिनिटं कुठली संस्था देणार?"

त्यांचा आवडता शब्द 'किती'. आमच्याकडे प्रज्ञा गायकवाड नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. घाटकोपरची, वडील मूळचे बुलढाण्याचे, टपालखात्यात. घरातली पहिली डॉक्टर होणार, पण औषध देणार नाही, हे ती आईला अजून समजावत होती. ही प्रज्ञा एकदा उशिरा आली आणि म्हणाली, "बाई, सॉरी यार, खूप रिक्षा गेल्या, एक थांबेल तर शपथ."

'यार' बाईंनी सोडून दिलं. "खूप म्हणजे किती?"

"असतील सात-आठ."

"सात की आठ?"

"सात."

"मग सात म्हण. 'खूप' हा आकडा नाही, ती तक्रार आहे."

मी एकदा चहा मस्त झालाय म्हणालो, तर त्यांनी कालच्या चहाशी तुलना करायला लावली. परवाच्या चहापर्यंत मागे गेल्यावर मी कबूल केलं की चहा बरा झालाय.

बाईंचं सगळं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं. तो प्रश्न त्यांनी मला समजावला तसाच मी सांगतो, कारण याहून जास्त मला आजही येत नाही.

पेशी म्हणजे एक घर. तिच्या आत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या खोल्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना अंगकं म्हणतात. एका जातीच्या खोलीचं नाव पेरॉक्सिझोम. चरबी जाळायची, विषारी माल निकामी करायचा, अशी मोरीतली कामं तिच्याकडे. एका खोलीच्या दोन होतात, दोनाच्या चार, हे सगळ्यांना मान्य. पण एखाद्या पेशीत अशी एकही खोली नसेल तर? पहिली कुठून येते? येते का? यावर जगभर भांडणं. कुणी म्हणायचं, येते, आम्ही पाहिली. लगेच दुसरा म्हणायचा, तुमची पेशी रिकामी नव्हतीच, कोपऱ्यात काहीतरी उरलं असणार, तुम्हाला दिसलं नाही.

"माझे वडील जाळी विणायचे," बाईंनी मला सांगितलं. "प्रत्येक चौकोन आधीच्या चौकोनातून निघतो. मी सहा वर्षांची असेन. विचारलं, बाबा, पहिला कशातून? ते म्हणाले, पहिला अंगठ्यावर विणायचा, मग अंगठा काढून घ्यायचा." बाईंनी स्वतःचा अंगठा वर केला. "पेशीचा अंगठा कुठेय, एवढंच मला बघायचंय. पण त्याआधी पेशी रिकामी आहे याची खात्री हवी. अगदी रिकामी. मग पहिली येताना बघायची. एकदा. निवृत्तीच्या आत."

निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष होतं. त्यानंतर खोली, उपकरणं, शीतकपाटं सगळं दुसऱ्याकडे जाणार होतं. आम्ही तिघं मिळून त्या एका दिवसाची तयारी करत होतो.

मधे एक सिनेमावाली मंडळी येऊन गेली ते सांगायलाच हवं. आमच्या टेकडीखाली स्टुडिओ, त्यामुळे कुठलाही सिनेमा शास्त्रज्ञाच्या वाटेला गेला की पहिली नजर आमच्या संस्थेवर. एकदा परवानगी घेऊन ते थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. टेबलावर लाल, निळ्या, जांभळ्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. त्यातून धूर काढला. नायक डोळे मिटून सूक्ष्मदर्शकात बघायचा आणि मान वर करून औषध सापडल्याचं सांगायचा. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. तिसऱ्या वेळी त्या पुढे झाल्या.

"डोळे उघडून बघ ना," त्या नायकाला म्हणाल्या. "एवढा जवळ आलायस तर."

त्यांनी खाली यीस्टची काच सरकवली. तेच यीस्ट ज्यानं पाव फुगतो. आम्ही त्याच्यावरच काम करायचो. नायकानं डोळा लावला तो काढेचना. दिग्दर्शक घड्याळ बघतोय, धूर संपत आलाय, आणि नायक विचारतोय, ये बीचवाला टूट रहा है क्या, मॅडम? बाई सांगतायत, टूट नहीं रहा, बच्चा दे रहा है. वीस मिनिटं गेली. मी मोजली होती, कारण नंतर बाई विचारणार हे मला ठाऊक होतं. सिनेमा आला तेव्हा त्यात प्रयोगशाळा नव्हतीच. नायक शेवटी पोलीस झाला होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

आमचं यीस्ट एका जातीचं नव्हतं. बाईंनी वीस वर्षांत त्याचे अनेक वाण तयार केले होते. ते उणे ऐंशी अंशाच्या शीतकपाटात पेराएवढ्या नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेले. इतर प्रयोगशाळांत वाणांना आकडे देतात. बाईंचं म्हणणं, आकडे उलटसुलट होतात, सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर होतात, पण माणूस सुरमईला चुकून मांदेली म्हणत नाही. म्हणून त्यांच्या वाणांना माशांची नावं. आणि नळीचं झाकण नखाएवढं, त्यावर नाव मावत नाही, म्हणून प्रत्येक झाकणावर बाईंनी स्वतः काढलेलं त्या माशाचं चित्र. दोन-तीन रेघांचं, पण बाईंच्या मते बघता क्षणी ओळखू येईल असं.

मी दीक्षित. आमच्या घरात अंडंसुद्धा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहतं. मासा मी जवळून पाहिला तो दंतवैद्याकडच्या काचेच्या टाकीत. प्रज्ञा एका आठवड्यात सगळी झाकणं शिकली. मी शिकल्यासारखं केलं. झेरॉक्सच्या धंद्यात मला एक सवय लागली होती, गिऱ्हाइकासमोर कधीही 'मला माहीत नाही' म्हणायचं नाही.

त्या मोठ्या प्रयोगाचा वाण होता बोंबील. यात पेरॉक्सिझोम एकही नाही. हाड नसलेला मासा म्हणून त्याला ते नाव. दुसरा एक वाण होता वाम. याच्यात त्या खोल्या मोडक्या, इतक्या बारीक की आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसायच्या नाहीत, पण असायच्या. दोघांनाही विशिष्ट साखर दिली की खोल्या बांधायचा बंद पडलेला कारखाना सुरू व्हायचा. खोल्या हिरव्या चमकाव्यात अशी सोय केलेली होती. खोली तयार झाली की अंधारात हिरवा ठिपका. नसेल तर पेशीभर नुसतं हिरवट धुकं.

प्रयोगाच्या आठवड्यात प्रज्ञाच्या बहिणीचं लग्न निघालं. ती जाताना म्हणाली, "काका, बोंबलाची नळी काढून ठेवाल ना? येतं ना ओळखता?"

मला 'काका' आवडत नाही. म्हणून मी जरा तोऱ्यात म्हणालो, "बोंबील कोण ओळखत नाही?"

कपाट उघडलं. त्या कप्प्यात दोन नळ्या. एका झाकणावर आखूड रेघ आणि मोठं उघडं तोंड. दुसऱ्यावर लांबलचक वळवळती रेघ. आता मनोरीला, मढला, बसच्या खिडकीतून मी बोंबील पाहिले होते. बांबूंवर वाळत घातलेले, लांब, काटकुळे, दोरीसारखे. बोंबील म्हणजे लांब. मी लांब रेघेची नळी काढली, आणि स्वतःवर खूश होऊन कपाट बंद केलं.

प्रयोग झाला. ठिपके एका तासात आले.

चार-पाच तासांची अपेक्षा होती. एका तासात आलेले बघून प्रज्ञा लग्नातली मेंदी तशीच घेऊन टेबलाभोवती नाचली. बाई नाचल्या नाहीत. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा तीच नळी काढली. तिसऱ्यांदा करायला लावलं. मी, शिस्तीचा माणूस, तिसऱ्यांदाही तीच काढली. तीनही वेळा एक तास. शेवटी बाईंनी निबंध लिहिला आणि एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी खूप छळलं. खूप म्हणजे चार वेळा. आणि मग तो स्वीकारला.

त्या रविवारी बाईंनी आम्हाला मनोरीला जेवायला बोलावलं. निबंध पुढच्या आठवड्यात छापून येणार होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. बाई त्या दिवशी निवांत होत्या. बहिणीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसत होत्या, ते मला कळत नव्हतं पण विषय मी आहे एवढं कळत होतं. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वालाचं बिरडं केलं होतं.

अंगणात त्यांची धाकटी बहीण वासंती टोपली घेऊन बसली होती. प्रज्ञा तिच्याजवळ उकिडवी बसून म्हणाली, "बोंबील एकदम ताजे आहेत गं मावशी." आणि तिनं टोपलीतून एक उचलला.

तो आखूड होता. गुलाबट, लिबलिबीत, आणि तोंड हे एवढं उघडं.

"हा बोंबील?" मी विचारलं.

"मग काय कोलंबी?"

"आणि ते बांबूवर वाळतात ते लांब?"

"दोन दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात काका, त्यात सुकून काटकी होतात. लांब कसले."

वासंतीबाईंनी टोपलीच्या तळातून सापासारखं काहीतरी ओढून बाजूला टाकलं. "ही वाम," त्या म्हणाल्या. "ही लांब."

मी बिरडं जेवलो. चव सांगता येणार नाही. जेवताना डोक्यात एकच चक्र. हे कुणाला कळणार? झाकणावरच्या चित्रात काय आहे ते बाईंना माहीत, प्रज्ञाला माहीत, पण कुठली नळी निघाली ते फक्त मला माहीत. बाईंना त्यांचं उत्तर मिळालंय. प्रज्ञाचा प्रबंध पुरा होतोय. माझं कंत्राट वाढतंय. सगळे सुखी. फक्त ज्या पेशीला आम्ही जगासमोर रिकामी म्हणणार होतो ती रिकामी नव्हती. बाईंचे विरोधक वीस वर्षं जे म्हणत होते, नेमकं तेच मी करून ठेवलं होतं.

संध्याकाळी बाई आम्हाला पोचवायला धक्क्यावर आल्या. प्रज्ञा बोटीत चढली. मी एक पाय बोटीत ठेवला आणि तो परत धक्क्यावर घेतला.

"चढा ना काका, लोक खोळंबलेत," प्रज्ञा म्हणाली.

मी बाईंना म्हणालो, "मला मासे ओळखता येत नाहीत."

"ते जेवताना कळलं."

"आधीपासून येत नाहीत."

बाईंनी तीन प्रश्न विचारले. कुठली नळी? कुठला कप्पा? तीनही वेळा तीच? मी तिन्हींची खरी उत्तरं दिली. पहिल्यांदाच माझ्याकडे जोडून सांगायला एकही तपशील नव्हता.

"प्रज्ञाला खाली उतरव," बाई म्हणाल्या.

आम्ही धक्क्याच्या कठड्यावर बसलो. बाईंनी प्रज्ञाच्या मोबाइलवर नियतकालिकाला पत्र सांगितलं. छपाई थांबवा, वाण तपासून कळवतो, चूक आमची. प्रज्ञा लिहिताना रडत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपेक्षा मला वाम परवडली असती. फेरीबोट तोवर तीनदा जाऊन आली.

"माझं नाव घाला," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं असं लिहा."

"चित्रं मी काढली," बाई म्हणाल्या. "तुला मासे कळतात का हे मी विचारलं नाही. कोळीवाड्यात सगळ्यांना कळतात म्हणून जगाला कळतात असं धरून चालले. ती माझी चूक." मग माझ्याकडे वळल्या. "तू थापा मारतोस हे मला माहीत होतं. तू गप्प बसतोस हे माहीत नव्हतं. ती तुझी चूक."

सोमवारी तपासलं. वामच होती. निबंध मागे घेतला.

पुढचे सहा महिने मी कुणाला 'माहीत आहे' म्हटलं नाही. जिना कुठे आहे विचारलं तरी खात्री करून सांगायचो. प्रज्ञा दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं एक वही आणून माझ्यापुढे टाकली. पानापानावर माशांची चित्रं, खाली नावं. "पाठ करा," ती म्हणाली. "तोंडी परीक्षा घेणार." घेतलीही. मी दुसऱ्या फेरीत पास झालो.

खरा बोंबील मात्र वीस वर्षं गोठून हट्टी झाला होता. वाढेचना. वाढला तर बुरशी लागली. पुन्हा केला तर टेकडीवरची वीज गेली. निवृत्तीला एक महिना उरला तेव्हा कुठे प्रयोगापुरता बोंबील तयार झाला. एकच दिवस मिळणार होता. त्यानंतर शीतकपाटं रिकामी करून द्यायची होती.

आणि तिथे नवाच पेच पडला. मोजणार कोण?

प्रत्येक अर्ध्या तासाच्या पेशी औषधानं जागच्या जागी थिजवून वेगळ्या काचेवर घ्यायच्या. काचांवरची वेळ झाकून त्यावर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावायच्या. कुठलं अक्षर कुठल्या वेळेचं ते पाकिटात बंद करायचं. मोजणाऱ्याला काहीही कळता कामा नये. हे आम्ही नेहमीच करायचो. पण बाईंचा त्याच्यावर आणखी एक नियम होता, ज्याला उत्तर हवंय त्यानं मोजायचं नाही. ज्याला ठिपका हवाय त्याला तो धुक्यातही दिसतो.

"मी नाही मोजणार," बाई म्हणाल्या. "मला वीस वर्षं हवंय ते. प्रज्ञाही नाही, तिचा प्रबंध आहे."

"मी मोजतो," मी म्हणालो.

"तुला तर आमच्या दोघींपेक्षा जास्त हवंय. आरशात बघ."

आम्ही संस्थेत असा माणूस शोधायला लागलो ज्याला या उत्तराचं काहीही पडलेलं नाही. आणि तो रोज आमच्या दारात उभाच होता. आस्थापना विभागातले सावंत. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः तीस वर्षं याच संस्थेत कारकून. बाईंच्या निवृत्तीच्या कागदांवर सह्या घ्यायला ते गेले दोन महिने येत होते आणि बाई 'उद्या' म्हणत होत्या.

"सावंत, पेशीत ठिपका निघाला तर तुम्हाला काय वाटेल?" बाईंनी विचारलं.

"माका काय वाटतला?" सावंत म्हणाले. "तुमची सही झाली की माका बरा वाटतला."

बाईंनी त्यांचा हात धरून आत नेलं.

दोन आठवडे सावंतांनी जेवणानंतरचा एक तास जुन्या काचांवर सराव केला. देवळातली गर्दी मोजायचं खटखट वाजणारं यंत्र प्रज्ञानं त्यांना आणून दिलं. माझ्या हाताला भिंगापुढे कधी नव्हती अशी स्थिरता त्या माणसात होती. ठिपका असला तर खट. नसला तर पुढे. एकदा मी मागून म्हणालो, "सावंत, तो डावीकडचा बघा, ठिपक्यासारखा वाटतोय."

"वाटता तो तुमका," सावंत मान न वळवता म्हणाले. "माका दिसना नाय."

मग तो दिवस आला. सकाळी नऊला साखर घातली, संध्याकाळी पाचपर्यंत काचा केल्या. बाई दिवसभर दुसऱ्या खोलीत कपाटं आवरत बसल्या. एकदाही डोकावल्या नाहीत. पाकीट ग्रंथालयात ठेवलं. पुढचे चार दिवस सावंतांनी मोजलं. आम्ही तिघं त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळत होतो, चहा नेऊन देत होतो, आणि त्यांचा चेहरा वाचत होतो. त्या चेहऱ्यावर वाचायला काहीही नसायचं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तो तसा कमावला होता.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला ते कागद घेऊन आले. "बहुतेक काचांत काय्येक नाय," ते म्हणाले. "धुक्यातलो डोंगर नुसतो. तीन काचांत भरपूर आसत. आणि ही एक, ञ, हिच्यात एकेकच."

"एकेकच म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"एका पेशीत एकच ठिपको. दुसरो नाय. बऱ्याच पेशी रिकाम्यो, पण आसा तिथे एकच. मी दोनदा मोजलंय. हय आकडे लिवलेत."

पाकीट आलं. प्रज्ञा फाडताना दोनदा चुकली. एकेक अक्षर वाचत ती वेळेपुढे सावंतांचा आकडा लिहीत गेली. नऊ, शून्य. साडेनऊ, शून्य. दहा, शून्य. अकरा वाजले, बारा वाजले, जेवणाची वेळ झाली, कागदावर नुसती शून्यांची रांग. दोन, शून्य. अडीच, शून्य. तीन, शून्य.

साडेतीन. प्रज्ञाचं बोट थांबलं. "ञ," ती म्हणाली.

चार, साडेचार आणि पाच या त्या भरपूरवाल्या तीन काचा होत्या.

सहा तास अगदी रिकामी, आणि मग एक. जिथे आली तिथे एकच. माझ्या एका तासाच्या घाईपेक्षा कितीतरी उशिरा, पण निर्विवाद. प्रज्ञा खुर्चीवर बसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मी भिंतीला टेकलो. बाई कागदाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा सावंतांसारखा झाला होता.

"ता बरा की वाईट?" सावंतांनी मला हळूच विचारलं.

"बरं," मी म्हणालो. मग खात्री नव्हती म्हणून बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली.

"मगे आता सही करतास?" सावंत बाईंना म्हणाले आणि त्यांनी बगलेतली फाईल पुढे केली.

बाईंनी सही केली. जिथे जिथे फुली होती तिथे तिथे, न वाचता, अकरा ठिकाणी. सावंतांनी फाईल बंद केली, मोजायचं यंत्र रुमालात गुंडाळून प्रज्ञाला परत केलं आणि गेले. या सगळ्यात ज्याला हवं होतं ते मिळाल्यावर तिथून लगेच उठून जाणारा तो एकटाच.

बाई त्यानंतर भेटल्या नाहीत असं नाही. निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, संचालकांचं भाषण, सगळं झालं. निबंध नव्यानं लिहून छापून आला, त्यात आभारात सावंतांचं पूर्ण नाव आहे आणि ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही. कधी मार्वेच्या बाजूला गेलो तर मी मनोरीलाही जातो. पण मला बाई आठवतात त्या त्याच दुपारच्या.

चार वाजून गेले होते. संस्थेत बातमी फुटली होती आणि लोक अभिनंदनाला जमायला लागले होते. बाई कुठे दिसेनात. मी शोधत अंधाऱ्या खोलीपाशी गेलो आणि दार ढकललं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. सपाता खाली काढून ठेवलेल्या, पाय स्टुलाच्या दांडीवर, डोळा भिंगाला. सूक्ष्मदर्शकाखाली 'ञ' ची काच. आता मोजायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांना बघायची मुभा होती. हिरवा उजेड त्यांच्या गालावर नखाएवढा पडला होता. एका हातानं त्या काच केसाएवढी सरकवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सरकवत होत्या.

"बाई, सगळे बाहेर थांबलेत," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली नाही.

"दार लावून घे, दीक्षित," त्या म्हणाल्या. "उजेड येतोय."